अंश, कला आणि मुक्काम

बदलीच्या नोकरीत सुट्टीचे दोनच प्रकार संभवतात. एक, गावी जाण्याची सुट्टी. आणि दुसरी, गावी जाता न आल्याची सुट्टी. पहिलीची सिद्धता दोन महिने आधीपासून चालू असते. आरक्षणे होतात, याद्या होतात, कोणासाठी काय न्यायचे यावरून घरात सौम्य मतभेद होतात. दुसरी अकस्मात येते. रजेच्या अर्जावर वरिष्ठांचा नकार येतो, दिवाळीचे चार दिवस हाती उरतात, आणि त्या चार दिवसांचे करावयाचे काय हा प्रश्न कुटुंबप्रमुखाकडे सर्वजण अशा नजरेने सोपवतात, की जणू नकार त्यानेच लिहिला आहे!

देहरादूनच्या आमच्या तिसऱ्या दिवाळीला ही दुसऱ्या प्रकारची सुट्टी वाट्याला आली. शेजारच्या बिऱ्हाडीही तीच कथा होती. शेजारी म्हणजे भूमापनाच्या खात्यातील आमचे स्नेही. मुले त्यांना 'मोजणीकाका' म्हणतात. त्यांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, माहेर हिंगणघाटचे. भाऊबीज तोंडावर आलेली आणि भाऊ अकराशे किलोमीटर दूर. वहिनी काही बोलत नव्हत्या. पण त्यांच्या चकल्यांना त्या वर्षी काटा आला नाही, एवढे आम्हां सर्वांच्या लक्षात आले होते.

"भाऊबीजेला मसुरीस जाऊ. एक डबी शोधायची आहे," मोजणीकाकांनी जाहीर केले.

हा डबी शोधण्याचा खेळ आता जगभर चालतो. इंग्रजीत त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी एक डबी एखाद्या मोकळ्या जागी दडवतो, तीत एक लहानशी नोंदवही ठेवतो, आणि त्या जागेचे अक्षांश व रेखांश प्रसिद्ध करतो. इतरांनी त्या आकड्यांच्या आधारे तेथवर जायचे, डबी हुडकायची, वहीत सही करायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. आत चिल्लर वस्तू असतात. त्यांतली एखादी घ्यावी, मात्र तिच्या मोलाची किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवावी. डबी जमिनीत पुरायची नाही, आणि आत खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही, असाही दंडक आहे. आमच्याकडे हा छंद अजून विरळ आहे.

गुप्तधनाच्या गोष्टी आपण मराठी माणसांनी कमी का ऐकल्या आहेत! पडक्या वाड्याच्या तळघरात मोहरांचा हंडा, त्यावर वेटोळे घालून बसलेला भुजंग, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत घातलेले अंजन. येथे भुजंगही नाही आणि अंजनही नाही. येथे धन दडवणारा स्वतःच त्याचा पत्ता देतो. पत्ता ठाऊक असूनही वस्तू सापडत नाही, हीच या खेळाची गंमत.

खेळाचा जन्म अगदी अलीकडचा आहे. अमेरिकेने आकाशात सोडलेल्या उपग्रहांवरून पृथ्वीवरील स्थान ठरवता येते. ते उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. परंतु सामान्य नागरिकांस मिळणाऱ्या संकेतांत लष्करी सावधगिरीपोटी मुद्दाम चूक मिसळलेली असे. मे 2000 च्या आरंभी ती मिसळ बंद करण्यात आली, आणि शंभर मीटरची चूक एकाएकी दहा-वीस मीटरांवर आली. लगेच, 3 मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली दडवली आणि तिचे आकडे जगाला कळवले. बादलीत पुस्तके होती, एक गलोल होती, आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबाही होता. खाद्यपदार्थांचा नियम पुढचा असणार! इंग्लंडातील डार्टमूरच्या माळावर मात्र 1854 पासून वाटसरू आपली पत्रे एका पेटीत ठेवून येत. म्हणजे हौस जुनी, उपग्रह तेवढे नवे.

ठरल्याप्रमाणे भाऊबीजेच्या सकाळी दोन कुटुंबे, चार मुले आणि फराळाचे तीन डबे घेऊन आम्ही निघालो. डबी होती लायब्ररी बाजाराच्या पश्चिमेस, हाथीपाव येथल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या घराकडून फुटणाऱ्या एका पायवाटेवर. ज्या माणसाचे आडनाव जगातील सर्वोच्च शिखरास चिकटले, त्याचे हे घर. भारताचे महासर्वेक्षक म्हणून एव्हरेस्ट 1830 च्या दशकात येथे राहिले आणि 1843 मध्ये निवृत्त होऊन स्वदेशी परतले. घराच्या एका अंगास दूनचे खोरे, दुसऱ्या अंगास अगलार नदीचे, आणि त्यापलीकडे हिमशिखरांची रांग. मोजणीकाका तेथे पायांतली पादत्राणे काढतात की काय, असे मला क्षणभर वाटले. शिखराची उंची गणिताने प्रथम ठरवणारा राधानाथ सिकदार हा बंगाली गणिती याच खात्यातला, हे त्यांनी मुलांना सांगितले. ते सांगताना त्यांचा स्वर असा होता, की जणू सिकदारबाबू पलीकडच्याच मेजावर बसत असत.

आमच्या हातातील यंत्र म्हणजे साधा मोबाइल. पायवाटेला लागताच आकडे बदलू लागले. अक्षांशाची एक कला म्हणजे 1852 मीटर. कलेचा हजारावा भाग म्हणजे दोन मीटरांहून किंचित कमी. मुले शेवटच्या आकड्यावर डोळा ठेवून चालत होती. बांज वृक्षांच्या दाट छायेत मात्र आकडा भ्रमिष्टासारखा उड्या मारू लागला. "आकडे दारापर्यंत पोहोचवतात," मोजणीकाका म्हणाले, "कडी आपली आपणच शोधायची." मग सर्वांनी मोबाइल खिशात टाकले. कोणी ढोलीत डोकावले, कोणी मुळांखाली हात घातले. पाऊण तास गेला. मुलांचे चेहरे उतरले, आणि चिवड्याचा डबा उघडण्याची वेळ आली.

तेवढ्यात वरच्या उतारावरून गवताचा भारा घेतलेली एक पहाडी बाई खाली आली. खेळात सामील नसलेल्यांच्या नजरेस हा उद्योग पडू नये असा संकेत आहे. म्हणून आम्ही सगळे एकदम हिमशिखरांकडे पाहू लागलो. बाई थांबली, हसली आणि म्हणाली, "डिब्बा ढूँढ रहे हो न?" पावसाळ्यात माकडांनी ती डबी ओढून फेकून दिली होती. आतले सामान विखुरलेले तिने पाहिले, गोळा केले, पुन्हा भरले, आणि चार पावलांवर कपारीत ठेवून वर चपटा दगड लावला. "किसी बच्चे का होगा," एवढेच तिने कारण सांगितले. वहिनींनी तिच्या पदरात फराळाचा एक आख्खा डबा दिला. वास्तविक त्या डब्यातले चार शंकरपाळे डबीत ठेवण्याचा त्यांचा विचार होता, व नियमापुढे त्यांनी तो नाइलाजाने सोडला होता. शंकरपाळ्यांना अधिक योग्य ठिकाण मिळाले.

डबीत एक काचेची गोटी, एक परकी नाणे, प्लास्टिकचा गेंडा, आखूड पेन्सिल आणि ओलीने कडा सुजलेली वही. प्रत्येक सहीपुढे गावाचे नाव. आमच्या धाकटीने पेन्सिल घेतली, नाव लिहिले आणि अडखळली. "बाबा, आपलं गाव कुठलं लिहू?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर मला चटकन देता येईना. माझे मूळ गाव वाईजवळचे. तेथले घर वाटणीत गेले. ती जन्मली जबलपूरला. पाटी गिरवली गुवाहाटीत, दुधाचे दात पडले भोपाळला. प्रत्येक शाळेचा बिल्ला ती एका डबीत जपून ठेवते, हे मला ठाऊक होते. नवी मैत्रीण करावयास ती अलीकडे नाखूश असते, हेही मला ठाऊक होते. आपल्या भाषेत पत्ता लिहिताना आरंभी 'मु. पो.' घालतात. मुक्काम म्हणजे थांबण्याची जागा, राहण्याची नव्हे. वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहून त्याला मुक्काम म्हटले. आमच्या पिढीने तो शब्द अक्षरशः खरा केला. माझ्याच्याने उत्तर निघेना, तेव्हा तिने स्वतःच लिहिले, 'देहरादून (सध्या)'. मग खिशातून भोपाळच्या शाळेचा बिल्ला काढून डबीत ठेवला, आणि बदल्यात काहीच घेतले नाही.

मोजणीकाका एकीकडे वहिनींना काही दाखवत होते. मसुरी 78 आणि 79 या रेखांशांच्या मधल्या पट्टीत, आणि हिंगणघाटही त्याच पट्टीत. "अशी सरळ खाली उतर, किंचित पूर्वेला कल, की तुझं माहेर." कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत भारताचा कणा मोजण्याचे काम ज्यांनी आरंभले, ते विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये हिंगणघाटलाच वारले, तेथेच त्यांची समाधी आहे. लॅम्बटननी जेथे देह ठेवला, तेथून एव्हरेस्टनी मोजणी पुढे नेली आणि या डोंगरांशी आणून पोहोचवली. म्हणजे हिंगणघाट ते मसुरी ही वाट सरकारी कागदोपत्री मोजलेली, असा काकांचा निष्कर्ष! वहिनी उठल्या, निरांजन पेटवले आणि दक्षिणेकडे तोंड करून भावाला ओवाळले. दक्षिण ही यमाची दिशा म्हणून एरवी त्यांनीच आम्हांला बजावले असते. पण त्या दिवशी यमद्वितीया होती, आणि यमही त्या दिवशी बहिणीकडेच गेलेला असतो.

पुढच्या मार्चात मोजणीकाकांची बदली शिलाँगला झाली. सामानाचे ट्रक भरताना मला त्या खेळातला देण्याघेण्याचा नियम आठवत राहिला. ज्या गावी जावे तेथून आपण बरेच काही उचलतो: पगार, बढती, हवापाणी, एखादी भाजी रांधण्याची नवी रीत. तोलामोलाचे मागे काय ठेवतो, हे कोणत्याही कार्यभार-हस्तांतराच्या कागदावर नोंदलेले नसते. गवताचा भारा उतरवून परक्या पोरांची गोटी कपारीत जपून ठेवणारी ती बाई आमच्या कोणत्याच खात्यात नव्हती; हा हिशेब मात्र तिला आमच्यापेक्षा चांगला कळला होता. ट्रक निघण्यापूर्वी वहिनी आपल्या अंगणातील तुळस आमच्या कट्ट्यावर ठेवून गेल्या. धाकटी तिला रोज पाणी घालते, आणि शेजारी नव्याने आलेल्या तेलुगू कुटुंबातील मुलगी, हल्ली तिच्याबरोबर, दुसरा तांब्या धरते.