वाट देणारा तुकडा

श्रावणात पाऊस जरा उघडला की नर्सीला कयाधू नदीच्या काठाने पाय जपूनच टाकावा लागतो. काळ्या मातीवर, दगडांच्या खाचांत निळसर हिरवे, बुळबुळीत गोळे धरलेले असतात. उन्हाळ्यात तेच करपलेल्या पापुद्र्यांसारखे पडून होते. दोन पाऊस झाले आणि फुगून जिवंत झाले. गावात सगळे त्याला शेवाळच म्हणतात. कॉलेजात सूक्ष्मदर्शकातून पाहीपर्यंत मीही तेवढंच म्हणत होतो.

आत माळ होती, हिरव्या पेशींच्या मण्यांची. आठ-दहा मण्यांनंतर एखादा फिकट, जाड कवचाचा. हवेतला नायट्रोजन बांधायचं काम त्याच्याकडे. त्या कामाच्या विकराला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून हा मणी ऑक्सिजन देणारं आपलं काम थांबवतो. शेजारी त्याला साखर पुरवतात, तो त्यांना नायट्रोजन.

या गोळ्यांचं शास्त्रीय नाव नॉस्टॉक; त्याची सख्खी नातलग अ‍ॅनाबिना. तिच्यातली एक नवलाची गोष्ट १९८५ मध्ये जेम्स गोल्डन आणि रॉबर्ट हॅसलकॉर्न यांच्या गटाने शिकागोत उलगडली. नायट्रोजन बांधणाऱ्या एका जनुकाच्या आत डीएनएच्या अकरा हजार अक्षरांचा एक उपरा तुकडा ठाण मांडून असतो. त्याच्यामुळे जनुक दुभंगलेलं. पण साधा मणी फिकट होऊ लागला की हा तुकडा कापला जातो, वर्तुळ होऊन बाजूला होतो आणि तुटलेली दोन टोकं जुळतात. कापणाऱ्या विकराचा आराखडाही त्या तुकड्यातच लिहिलेला! जागा सोडणारे असे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांत ओळखले होते. त्यांना नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

हे वाचलं तेव्हा मला औंढ्याचं देऊळ आठवलं. संत नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला लावलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी आमच्याकडची आख्यायिका. लहानपणी मला फिरणाऱ्या दगडांचं नवल वाटे. आता वाटतं, ठाण मांडून बसलेलं काहीतरी हललं, हेच त्या गोष्टीचं मर्म.

फिकट मणी पुन्हा विभागत नाही. त्याचा वंश तिथेच संपतो. माळ मात्र त्याच्या जिवावर वाढते. कयाधूकाठी आलात, तर त्या गोळ्यांवर पाय पडू देऊ नका. आपल्या मातीला न मागता खत देणारे जीव आहेत ते.