डाख की डिंक?

जून लागला की मिरकरवाडा बंदरातल्या नौका किनाऱ्याला लागतात आणि माझं टेबल भरतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. हे ६१ दिवस तांडेलांचे जाळी तुणण्यात जातात, माझे फिशफाइंडर आणि वायरलेसच्या सुटलेल्या वायरी जोडण्यात.

"चिकटवून द्या ना पटकन," असं दारातूनच सांगणारे बरेच. त्यांचं अगदीच चूक नाही. चांदीची पूड कालवलेलं इपॉक्सी मिळतं, त्यातून वीजही वाहते. आमच्याकडे घागरीला डाख देत, तोही जोडच. फरक एवढाच की डाखाला आच लागते, डिंकाला वेळ. पण दोन्हींपैकी काय वापरायचं, हे मी आता शेवटी ठरवतो. आधी भिंगाखाली धातू बघतो आणि त्यावर पूर्वी काय लागलंय ते बघतो.

ही अक्कल फुकट आलेली नाही. एका बोटीच्या एक्झॉस्टजवळच्या सेन्सरची वायर सुटली होती. नेहमीचा ६३-३७ सोल्डर, म्हणजे ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं, वितळतो १८३ अंशांना. तेवढ्या आचेला कनेक्टरचं प्लास्टिक वाकत होतं. म्हणून मी कथील-बिस्मथचा, १३८ अंशांना वितळणारा सोल्डर काढला. जोड असा चकचकीत बसला की मीच खूश! आठवड्याने बोट परत आली, वायर पुन्हा लोंबती. बिस्मथचा जोड ठिसूळ असतो, तेव्हा इंजिनाच्या थरथरीने तुटला, असं मी धरून चाललो. पण तुटलेला जोड खडबडीत दिसतो, हा लोण्यासारखा ओघळलेला होता. जुन्या जोडातलं शिसं मी पुसलंच नव्हतं. शिसं, कथील आणि बिस्मथ एकत्र आले की त्यांचं मिश्रण ९६ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, पाणी उकळण्याच्याही आधी. एक्झॉस्टजवळ दुसरं काय होणार? पैसे परत केले.

फिशफाइंडरच्या ट्रान्सड्यूसरचं काम मात्र मला आवडतं. आत सिरॅमिकची चकती असते, वर चांदीचा पातळ मुलामा. तीच आवाज पाण्यात सोडते आणि तळावरून परतलेला ऐकते. तिला जास्त तापवलं तर तिच्यातला गुणच जातो, चकती मुकी होते. शिवाय वितळलेलं कथील चांदी खातं. आयर्न चार-पाच सेकंद जास्त टेकवलं की मुलामा डोळ्यांदेखत विरतो आणि खाली करडी माती उघडी पडते. दोन टक्के चांदी असलेला सोल्डर असेल तर ही भूक कमी होते, तरी हात दोन सेकंदांत उचलायला हवा. इथे मी डिंकाला मत देतो. चांदीवर चांदीच बसते, भांडण नाही. पावसाळी हवेत तो लवकर वाळत नाही, म्हणून लाकडी पेटीत साठ वॉटचा बल्ब लावून चकती रात्रभर आत ठेवतो.

तोच डिंक पितळी टर्मिनलवर लावाल तर फसाल. जोड दिसायला शाबूत राहतो, पण खारट दमट हवेत चांदी आणि पितळ एकमेकांना लागून असले की पितळ आतून गंजतं आणि मल्टिमीटरवर ओहम चढत जातात. शिवाय हा डिंक सोल्डरपेक्षा साधारण दहापट कमी वीज वाहू देतो. बॅटरीच्या जाड वायरीला तो लावणं म्हणजे हीटर करून ठेवणं. तिथे पितळ घासून स्वच्छ करा, रोझिन लावा आणि साधा ६३-३७ वापरा.

तेव्हा यंदा बंदीत वायर सुटलेलं काही घेऊन याल, तर जुनं टोक कापून टाकू नका. त्याच्यावर काय लागलंय, तेच मला आधी बघायचं असतं.