काकांचं लोहचुंबक

अक्कलकोटला आमच्या काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गल्ल्याशेजारी एक भलंमोठं लोहचुंबक कायम पडलेलं, सांडलेले खिळे गोळा करायला. मागच्या दिवाळीत काकांच्या यकृतात गाठ निघाली. सोलापुरात एमआरआय झाला आणि त्याच रात्री मला पुण्याला फोन. "व्हॉट्सॲपवर आलंय बघ, लोहचुंबकानं कॅन्सरला औषध देत्यात म्हणं. बघ की, काय खरं हाय."

मी पडलो आयटीवाला. बायोलॉजी बारावीलाच सुटलेली. तरी तीन रात्री वाचत बसलो आणि खरं सांगतो, भारावून गेलो. आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण शिरेतून दिले की यकृतातल्या कुप्फर पेशी ते गिळून टाकतात, त्यामुळे एमआरआयमध्ये निरोगी यकृत काळं दिसतं. कॅन्सरच्या गाठीत या पेशी फारशा नसतात, म्हणून ती उजळ उठून दिसते. यासाठीचं फेरिडेक्स अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूरही झालं होतं. २००८ मध्ये ते बनवणं थांबलं.

पुढचं तर आणखी भारी. याच कणांवर जनुक चिकटवायचं आणि पेशींच्या डिशखाली चुंबक ठेवायचं. कण खाली ओढले जातात, पेशींवर बसतात, जनुक आत शिरतं. नाव मॅग्नेटोफेक्शन. यकृताच्या कॅन्सरपेशींवर असे प्रयोग झालेत. पण डिशमध्ये! आता हे काकांना कसं सांगायचं?

शनिवारी अक्कलकोट गाठलं. काका नुकतेच वटवृक्ष मंदिरातून आले होते. मी एका कागदावर चार खिळे ठेवले, खालून त्यांचंच चुंबक फिरवलं. खिळे नाचले. मग कागदाऐवजी उधारीची जाडजूड वही घेतली. खिळे ढिम्म.

"चुंबक लांब गेलं की ओढ संपते, काका. यकृत तर पोटात आत असतं."

"म्हंजे मला न्हाई अजून."

"नाही."

ते काही बोलले नाहीत. एका गिऱ्हाईकाला अर्धा किलो खिळे तोलून दिले, मग फाइल पुढे सरकवली. रिपोर्टात हेपटायटिस बी होता, या कॅन्सरच्या मोठ्या कारणांपैकी एक. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासणी करायला सांगितली होती. चुंबकाच्या नादात हे पान मी उघडलंच नव्हतं!

"तू कधी करणार?"

पुण्याला येऊन केली. निगेटिव्ह. लशीचा पहिला डोस घेतला, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. काकांनी माझ्या तारखा त्याच वहीत लिहून ठेवल्यात, उधारीच्या पानावर.