गाऊनचा खिसा

काशीदच्या पुळणीवर रविवारी दुपारी कपड्यांकडे नीट पाहिलं, की वयाचा जुना हिशेब उलटा झालेला दिसतो. सुरूच्या झाडांखाली फोटो काढून घेणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुली नऊवारीत असतात. नाकात नथ, डोळ्यांवर गॉगल. त्यांच्याबरोबर आलेल्या आया लेगिंग-कुर्तीत. आणि शहाळी सोलून देणाऱ्या, साठी ओलांडलेल्या गावातल्या बायका गाऊनमध्ये, खांद्यावर टॉवेल. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर नऊवारी सासूची, गोल पातळ सुनेचं आणि परकर-पोलकं नातीचं, अशी वाटणी ठरलेली होती. पाठमोऱ्या बाईचं वय कपड्यावरून सांगता यायचं.

मी याच मुरूड तालुक्यात वाढले. आई शेवटपर्यंत नऊवारीत राहिली. तिचं लुगडं सुती, बारीक चौकडीचं, घोट्यांच्या बरंच वर ओढून नेसलेलं. लावणीला चिखलात उतरायचं, ओहोटीला कालवं काढायला खडकांवर जायचं, तर काष्टा घट्ट हवा आणि पाय मोकळे हवेत. कोळीवाड्यातल्या बायका ते आणखी वर, गुडघ्यापर्यंत घेत, कारण होड्या लागल्या की मासळीच्या टोपल्या घ्यायला पाण्यात शिरावं लागे. आठ मीटरच्या वर भरणारं ते कापड एकदा आवळून नेसलं की दिवसभर त्याला पुन्हा हात लावावा लागत नसे. पैसे कनवटीला. पदर कमरेला खोचलेला. या किनाऱ्यावर नऊवारी हा कष्टाच्या माणसाचा पोशाख होता. आज तिला जे सणासुदीचं रूप आलं आहे ते फार अलीकडचं.

गोल साडी आली ती वेगळ्या गरजेपोटी. आनंदीबाई जोशी लग्नानंतर काही काळ अलिबागला राहिल्या होत्या, काशीदपासून साधारण तीस किलोमीटरवर. १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला त्या पेन्सिल्व्हेनियाला गेल्या. पोटऱ्या उघड्या ठेवणारी नऊवारी तिथल्या थंडीला पुरी पडेना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी जवळ केली. त्याच्याही आधी, १८६०च्या दशकात, बंगाली कुटुंबातल्या ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईच्या मुक्कामात पारशी बायकांचं नेसणं पाहिलं, त्यात आपल्या सोयीचे फेरफार केले आणि ते बंगालात नेलं. एक अठरा वर्षांची, दुसरीही ऐन तारुण्यातली. हवामान, प्रवास आणि चारचौघांत वावरणं यांचा विचार करून दोघींनी नेसणं बदललं. हौसेपेक्षा सोय आधी होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आमच्या बाजूला गोल साडी मुंबईच्या वाटेनं आली. घरटी एखादा माणूस तरी मुंबईत, पुष्कळदा गिरणीत. गणपतीला चाकरमानी यायचे ते कापड घेऊन. आधी सुती वॉयल, मग टेरिकॉट, मग सुरतेच्या सिंथेटिक साड्या. सिंथेटिक साडी दोरीवर तासाभरात वाळते, इस्त्री मागत नाही, रंग सोडत नाही. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन न पाहणाऱ्या कोकणात हा केवढा आधार होता, ते दमट लुगड्याचा वास आठवणाऱ्यालाच कळेल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईचं सुती कापड आमच्या गावांतून बघता बघता दिसेनासं झालं. लुगडी जुनी झाल्यावर त्यांची गोधडी व्हायची, बाळाची दुपटी व्हायची. सिंथेटिक साडीची दुपटी कोणी करत नाही.

माझी पिढी या दोन्हींच्या मध्ये सापडली. शाळेत निळा स्कर्ट, न्हाण आल्यावर परकर आणि ओढणी, लग्न झालं की साडी, आणि ती कायमची. पंजाबी ड्रेस माझ्या लग्नाआधी मुरूडच्या दुकानांत आला होता. कुमारिकेनं तो घातला तर चालायचं, मंगळसूत्र घातलेल्या बाईनं घातला की गावाच्या भुवया वर. माझ्या जावेनं गुडघे दुखायला लागल्यावर पन्नाशीत पहिल्यांदा ड्रेस शिवला. सासूबाईंनी विचारलं, “आता ह्या वयात?” ती म्हणाली, “ह्याच वयात लागतो, आई. एसटीची पायरी चढवत नाही साडीत.” सासूबाईंनी काही वेळ ड्रेसचं कापड चाचपून पाहिलं आणि विषय सोडून दिला.

गाऊनची गोष्ट मात्र इतक्या सहज मिटली नाही. २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवली गावात तिथल्या महिला मंडळानंच दिवसा गाऊन घालून बाहेर पडणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड जाहीर केला. गोठिवली आमच्यासारखंच, आगरी-कोळ्यांचं. पुढे २०१८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या तोकलपल्ली गावानं २,००० रुपये दंड ठेवला आणि चुगली करणाऱ्याला १,००० रुपये बक्षीसही. रात्रीचा कपडा दिवसा घालणं अशोभनीय, हे कारण. मला तेव्हाही या फतव्यांचा राग आला होता आणि आजही येतो. मे महिन्यात चुलीपुढे भाकऱ्या थापणाऱ्या, शेणगोठा करणाऱ्या, पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघणाऱ्या बाईला परकर, ब्लाऊज आणि साडी असे तीन थर घालायला लावायचे, आणि त्याच गावातल्या पुरुषांनी उघड्या अंगानं, टॉवेल गुंडाळून नाक्यावर चहा प्यायचा. त्यांच्यासाठी दंडाचा फलक कुणी लिहिला नाही.

काशीदच्या एका शहाळेवाल्या मावशींचा गाऊन मी जवळून पाहिला आहे. तयार मिळतो तसा ढगळ नाही. गावातल्या शिलाईवालीकडून शिवून घेतलेला. सुती कापड, गडद रंग, म्हणजे नारळाच्या पाण्याचे डाग दिसू नयेत. बाह्या कोपरापर्यंत. चालताना पायात येऊ नये म्हणून घेर कमी केलेला. उजव्या हाताला कोयता असतो म्हणून खिसा डावीकडे, चांगला वीतभर खोल, तोंडाशी दुहेरी शिवण. त्यात मोबाइल, सुट्टे पैसे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट. क्यूआर कोडचा फलक गाडीवर टांगलेला आहे, पैसे आल्याचा आवाज मोबाइलमधून येतो, त्यामुळे तो अंगावरच हवा. “साडीत कुठं ठेवू?” त्या म्हणाल्या. “कनवटीला ठेवला नि एकदा पाण्यात पडला.” लग्नाला जाताना त्या काठपदराची साडीच नेसतात, आणि सुंदर नेसतात.

इकडे नऊवारी पुन्हा आली ती शिवलेली होऊन. आत नाडी किंवा इलॅस्टिक, काष्ट्याच्या निऱ्या कायमच्या टाचलेल्या, बाजूला हूक. पायजम्यासारखे पाय घालायचे आणि पदर खांद्यावर टाकायचा. डोंबिवलीत १९९९ मध्ये गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली, मग गिरगाव-ठाण्यात तिचं लोण पोचलं. बुलेटवर स्वार झालेल्या नऊवारीतल्या मुलींचे फोटो दर पाडव्याला छापून येऊ लागले. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’नंतर पेशवाई थाटाच्या नऊवारीला आणखी मागणी आली. मुरूडची शिलाईवाली सांगते, की तिच्याकडे ही नऊवारी शिवायला येणाऱ्या बहुतेक जणी तिशीच्या आतल्या. आईची किंवा आजीची जुनी रेशमी साडी घेऊन येतात. कात्री लावण्याआधी ती दोनदा विचारते, कारण एकदा कापलेलं लुगडं पुन्हा लुगडं होत नाही. मुलींना नेसता येत नाही म्हणून मी नाक मुरडणार नाही. आईनं मला नेसायला शिकवलं कारण तिला ते रोज लागत होतं. या मुलींना ते वर्षातून एक दिवस लागतं, आणि तो दिवस त्या मनापासून साजरा करतात.

राहिला समुद्र. काशीदच्या पाण्याला ओढ आहे. बुडण्याच्या बातम्या येत राहतात आणि पावसाळ्यात पाण्यात उतरू नका असं बजावलं जातं. तरीही इथं येणाऱ्या बायका साडीनिशी, ड्रेसनिशी पाण्यात जातात. १९६६ मध्ये ‘फिल्मफेअर’च्या मुखपृष्ठावर शर्मिला टागोर बिकिनीत झळकली, त्याला साठ वर्षं होत आली, रायगडच्या किनाऱ्यावर त्याचा मागमूस नाही. पण भिजलेली साडी पायांना वेटोळे घालते, लाट मागे सरताना उभं राहू देत नाही. धोका खरा आहे आणि तो साठीच्या बाईला विशीतल्या मुलीपेक्षा जास्त आहे.

म्हणून रस्त्यालगतच्या टपऱ्यांवर टांगलेल्या थ्री-फोर्थ आणि टी-शर्ट मला आवडतात. गेल्या हिवाळ्यात साताऱ्याकडचा बायकांचा एक गट आला होता, देवदर्शनाला निघालेला. सगळ्या पन्नाशी-साठीच्या. आधी एकीनं थ्री-फोर्थ घेतली, मग दुसरीनं, मग मापावरून नुसता गलका. टपरीवाल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, “काकू, बारीक मापं पडून राहतात. पोरी घरून घेऊन येतात. डबल एक्सेल मी आता दर गुरुवारी भरतो, रविवारपर्यंत शिल्लक नसते.”