तिसरा, सातवा, चौदावा

१
तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. दवाखान्यातून बाळंत होऊन आलेल्या बाईच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आशाताई या दिवशी जाते. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. वजन, ताप, नाळ, बाळ दूध ओढतंय का. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त मोजले, की बाळाला दवाखान्यात हलवायचं.

सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की तिला २५० रुपये.

२
घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही रीत गडचिरोलीत घडली. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत. ती संख्या २५ पर्यंत उतरली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं. २०११ मध्ये देशाच्या कार्यक्रमात आलं.

त्याच बंगांनी २००६ मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. आयुष्याचं काय करायचं, हा प्रश्न घेऊन तिथे पुष्कळ नवे एमबीबीएस येतात.

३
बेड नंबर बारा, असं डॉक्टर राउंडला म्हणतात. बारा नंबरच्या आजीची नात कितवीत आहे, हे वॉर्डातल्या मावशींना माहीत असतं.

४
डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हाची गोष्ट. लाल विंचू चावलेली धडधाकट पोरं डोळ्यांदेखत जायची. बावस्कर खाटेशेजारी रात्र रात्र बसले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, सगळं टिपत राहिले. फुप्फुसात पाणी होऊन माणूस जातो, हे त्यांना त्या टिपणांतून उमगलं. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं निरीक्षण आलं, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यांनी वापरलं. शंभरात चाळीसच्या घरातले मृत्यू एकाच्या आसपास आले.

आडगावच्या पोस्टिंगला कंटाळलेल्या नव्या डॉक्टरांना मी एवढंच सुचवतो: तुमच्या भागात माणसं कशाने मरतात, ते एका वहीत लिहायला लागा.

५
मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानभाग यांना ४२ वर्षं सांभाळलं. १९७३ ते २०१५. पहिल्या वर्षांत ज्या सिस्टर होत्या, त्या निवृत्त झाल्या. शेवटी ज्या होत्या, त्यांतल्या कित्येकींचा १९७३ मध्ये जन्मही झालेला नव्हता. अरुणा यांना हलवून खाट मोकळी करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या. इतकी वर्षं पडून असूनही पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं, पुन्हा कूस बदलणं. बरं होण्याची आशा नसतानाही हे काम पाळीमागून पाळी नीट होत राहिलं.

सेवेचा अर्थ कोणी मला विचारला, तर भाषणांआधी मी ही न झालेली जखम दाखवेन.

६
२२ मे २०२२: भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना जागतिक आरोग्य संघटनेचा गौरव.

ऑक्टोबर २०२३: महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्याच्या मागणीसाठी संपावर.

७
‘तुम्ही तर सेवा करता’ असं म्हणून ज्यांचा पगार अडवला जातो, त्यांच्या बाजूने मी उभा आहे. ध्येय आहे म्हणून घरभाडं कमी होत नाही. सलग ड्युटीनंतरची झोप हीसुद्धा रुग्णाचीच गरज आहे.

बाहेरून आणायच्या औषधाची चिठ्ठी मात्र झोप झाल्यावरही मनात राहते. समोरचा खिसा चाचपत असतो आणि डॉक्टरला लिहावंच लागतं. माणसं कामाने दमतात त्यापेक्षा अशाने जास्त खचतात, असं माझं मत होत चाललं आहे.

८
२६ नोव्हेंबर २००८, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची रात्र, कामा रुग्णालय. परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या २० गर्भवतींना पॅन्ट्रीत हलवलं. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षात पोहोचवलं. पुढे कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली. युनिफॉर्ममध्येच साक्ष देऊ द्या, अशी विनंती त्यांनी केली.

९
आनंदीबाई जोशी यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. आई चौदा वर्षांची होती. १८८६ मध्ये ती पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाली.

१०
आरोग्यदूताने ज्या बाळाचे श्वास मोजले, ते वर्षभरात तिच्याच अंगणात रांगत येतं. आयसीयूतली सिस्टर माणसाला व्हेंटिलेटरवर पाहते, नळी काढताना पाहते, मग तो वॉर्डात जातो, तिथून घरी. तो चालतो कसा, बोलतो कसा, हे तिला कधीच दिसत नाही. तिला मुख्यत्वे दिसतात ते अत्यवस्थ आणि मेलेले.

बरे झालेले लोक महिन्याने तपासणीला येतात आणि ओपीडीतूनच परत जातात. त्यांना पाच मिनिटं वर आयसीयूत नेऊन आणायला काय हरकत आहे? दिवस आणि रात्र, दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर भेटतील अशी वेळ धरावी, हँडओव्हरची चांगली.