आग्रा ते फतेहपूर सिक्री : एका प्रश्नाचा प्रवास

"तुमच्यात देव एक की तीन गं?"

नोएडातल्या आमच्या खोलीत, रविवारी दुपारी कांदा चिरता चिरता माझ्या रूममेटनं हा प्रश्न विचारला. ती रत्नागिरीची, मुसलमान. मी अहिल्यानगरची, ख्रिस्ती. परमुलखात मराठी बोलायला मिळतं म्हणून आम्ही एकमेकींना धरून आहोत. तिच्या प्रश्नात खवचटपणा नव्हता. पण पाठोपाठ दुसरा आला, "आणि तुमचं बायबल नंतर बदललं ना?"

मला राग आला. खरं सांगायचं तर राग प्रश्नाचा नव्हता, उत्तर येत नव्हतं त्याचा होता. लहानपणापासून 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' ऐकून मी शेकडो वेळा आमेन म्हटलं असेल. त्याचा अर्थ सांगायची वेळ मात्र कधी आली नव्हती. "तू तुझं बघ," एवढंच म्हणाले. पुढचे चार दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

पाचव्या दिवशी तीच म्हणाली, "अगं, आग्र्याची तिकिटं काढलीत आपण. येतेस ना?"

गेले. आणि गंमत बघा, आमचं भांडण ज्या प्रश्नांवरून झालं, ते प्रश्न आग्र्यात आमच्या आधी चारशे वर्षांपासून मुक्कामाला होते.

वझीरपुऱ्यातलं जुनं चर्च

ताजमहाल बघून झाल्यावर (शुक्रवारी जाऊ नका, बंद असतो) आम्ही वझीरपुऱ्यात गेलो. तिथे मोठ्या कॅथेड्रलच्या आवारात एक जुनं, साधंसं चर्च आहे. लोक त्याला 'अकबरी चर्च' म्हणतात. अकबराच्या परवानगीनं जेझुइट पाद्र्यांनी ते १६०० च्या सुमारास उभारलं. शाहजहानच्या काळात, १६३५ मध्ये ते पाडलं गेलं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा बांधलं गेलं.

त्या काळातले एक पाद्री म्हणजे जेरोम झेवियर. गोव्यात ज्यांचं शव जपलेलं आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातले. दरबारात होणाऱ्या प्रश्नांना उत्तरं म्हणून त्यांनी फारसीत एक ग्रंथ लिहिला आणि तो १६०९ मध्ये पुरा केला. नाव 'आईना-ए-हकनुमा', म्हणजे सत्य दाखवणारा आरसा. इराणमधल्या इस्फहानच्या एका विद्वानानं १६२२ मध्ये या आरशाला उत्तर लिहिलं. त्या उत्तराला रोममधून १६३१ मध्ये प्रत्युत्तर छापलं गेलं. एका शहरातला प्रश्न एवढा फिरून आला!

१८५४ चे दोन दिवस

खरा सामना झाला तो याच शहरात, १० आणि ११ एप्रिल १८५४ रोजी, मिशनच्या आवारात. एका बाजूला जर्मन मिशनरी कार्ल फांडर आणि त्यांचे सहकारी थॉमस व्हॅल्पी फ्रेंच. १८५० मध्ये सुरू झालेल्या आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजचे हेच पहिले प्राचार्य. दुसऱ्या बाजूला कैरानाचे मौलाना रहमतुल्लाह आणि त्यांच्या जोडीला डॉक्टर वझीर खान. हे डॉक्टरसाहेब इंग्लंडला जाऊन आले होते आणि येताना बायबलवरची युरोपियन अभ्यासकांची पुस्तकं घेऊन आले होते.

फांडर यांची मांडणी अशी : कुराण तौरात आणि इंजील यांच्याविषयी आदरानं बोलतं. मग बायबल बदललं ते कधी? पैगंबरांच्या आधी म्हणाल, तर कुराणानं त्याचा दाखला का द्यावा? नंतर म्हणाल, तर तोवर त्याच्या प्रती इतक्या देशांत आणि इतक्या भाषांत पसरल्या होत्या, की सगळ्या गोळा करून बदलणं शक्यच नव्हतं.

मौलानांनी उलट सवाल केला : तुमचेच विद्वान म्हणतात की प्रतींमध्ये फरक आहेत, त्याचं काय? फांडर यांनी नकलाकारांच्या चुका झाल्याचं मान्य केलं. काही ठिकाणी मजकूर नंतर घुसल्याचंही मान्य केलं. पण त्यामुळे मूळ शिकवण बदलत नाही, असं ते म्हणत राहिले. मौलाना म्हणाले, थोडं बदललं ते बदललंच.

गाडी तिथेच अडली. त्र्यैक्याचा विषय यादीत होता, पण तिथपर्यंत सभा पोहोचलीच नाही. नंतर दोन्ही बाजूंनी आपापला वृत्तांत छापला आणि दोघांनीही जिंकल्याचं सांगितलं.

संध्याकाळी चहा पिताना मी मोबाइलमधलं बायबल उघडलं आणि मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट तिला दाखवला. तिथे टीप होती की काही प्राचीन प्रतींत या ओळी नाहीत.

"म्हणजे तुमचेच लोक हे छापून सांगतात?"

"हो. नव्या कराराच्या नुसत्या ग्रीक हस्तलिखित प्रतीच पाच हजारांहून जास्त आहेत. त्या एकमेकींशी ताडून बघतात आणि फरक असेल तिथे लिहून ठेवतात. लपवत नाहीत."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "आमच्यात कुराण म्हणजे अक्षर न् अक्षर अल्लाहचं. म्हणून फरक म्हटलं की आम्हाला बिघडलंच वाटतं."

मला तेव्हा उमगलं. आम्ही मानतो, देवाच्या प्रेरणेनं माणसांनी लिहिलं. लूकचं वळण वेगळं, योहानाचं वेगळं. 'धर्मग्रंथ' हा शब्द दोघींचा एकच, पण त्यामागची अपेक्षा निरनिराळी होती.

बसमधलं त्र्यैक्य

दुसऱ्या दिवशी फतेहपूर सिक्रीची बस धरली. अंतर चाळीसेक किलोमीटर. खिडकीशी बसून ती म्हणाली, "आता सांग. तीन का?"

या वेळी मी चिडले नाही. म्हटलं, "तीन देव मानणं आमच्यातही पापच. पहिली आज्ञाच ती आहे. त्र्यैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही, तो नंतरच्या विचारवंतांचा. पण देव एकच, आणि तरी पिता, पुत्र व आत्मा यांना बायबल देव म्हणतं. हे दोन्ही एकदम कसं म्हणायचं, यासाठी तो शब्द घडला. ३२५ मध्ये निकाया इथल्या परिषदेत याच्यावरच मोठा वाद झाला."

"पण देवाला मुलगा कसा?"

"आपण शेतकऱ्याला भूमिपुत्र म्हणतो, तेव्हा जमीन बाळंत झाली असं म्हणतो का?"

ती खळखळून हसली. मग स्वतःच म्हणाली, "कुराणातही वाटसरूला 'इब्न अस-सबील' म्हणतात. वाटेचा मुलगा."

"तसंच काहीसं. शरीराचं नातं नाही ते. माणूस आणि त्याचा शब्द वेगळे काढता येतात का? येशू हा देवाचा शब्द आहे, असं योहान म्हणतो. कुराणही ईसांना अल्लाहचा शब्द म्हणतं ना?"

"म्हणतं. पण आम्ही त्याचा अर्थ असा घेतो, की अल्लाहनं 'हो' म्हटलं आणि ते झाले. निर्माण केलेले. देव नव्हे."

मग मी सूर्य, प्रकाश आणि उष्णतेचा दाखला दिला. ती लगेच म्हणाली, "पण उष्णता कधी सूर्याची प्रार्थना करते का? येशू तर करायचे." मला उत्तर सुचलं नाही. दाखले थोडं अंतर नेतात आणि मग सोडून देतात. शेवटी मनातलं सांगितलं, "देव प्रीती आहे, असं आम्ही मानतो. मग जग नव्हतं तेव्हा तो कुणावर प्रीती करत होता? पित्याची पुत्रावर आणि पुत्राची पित्यावर, असं उत्तर मला मिळतं. म्हणून मला त्र्यैक्य लागतं."

बराच वेळ ती बाहेर बघत होती. म्हणाली, "पटलं नाही. पण तू तीन देव मानत नाहीस, हे कळलं."

मला तेवढं पुरेसं होतं.

सिक्रीचा दरवाजा

फतेहपूर सिक्रीत अकबरानं १५७५ मध्ये इबादतखाना बांधला, धर्मचर्चेसाठी. फेब्रुवारी १५८० मध्ये गोव्याहून तीन पाद्री इथे पोहोचले : रुडॉल्फ अक्वाविव्हा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस. हेन्रिकेस मूळचे इराणी, इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेले. त्यांनी बादशहाला अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल भेट दिलं. अकबरानं पगडी काढून ते ग्रंथ डोक्यावर ठेवले.

तिथेही हेच दोन प्रश्न निघाले. वाद चिघळला तेव्हा एक तोड सुचवली गेली : एकानं कुराण आणि एकानं शुभवर्तमान घेऊन आगीत शिरावं, जो वाचेल तो खरा. अक्वाविव्हांनी नकार दिला. देवाची परीक्षा पाहणं बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कुणी भित्रा म्हणालं असेल. मला मात्र त्यांची ती सगळ्यांत चांगली गोष्ट वाटते. बादशहा ख्रिस्ती झाला नाही. अक्वाविव्हा १५८३ मध्ये गोव्याला परतले आणि त्याच वर्षी कुंकळ्ळीला मारले गेले.

आग्र्यातल्या त्या दोघांचं पुढे काय झालं? १८५७ नंतर मौलाना रहमतुल्लाह मक्केला गेले आणि त्यांनी अरबीत 'इझहार-उल-हक' हा ग्रंथ लिहिला. फ्रेंच लाहोरचे पहिले बिशप झाले आणि म्हातारपणी मस्कतला गेले. मौलाना मक्केत वारले, फ्रेंच मस्कतमध्ये. दोघंही अरबस्तानात, दोघंही १८९१ मध्ये.

परतताना बुलंद दरवाजाच्या कमानीखाली थांबलो. तिथल्या लेखात अकबराच्या दख्खन आणि खानदेशच्या विजयाची नोंद आहे. त्याच लेखात पुढे ईसांच्या नावानं एक वचन येतं : जग हा पूल आहे, त्यावरून जा, पण त्यावर घर बांधू नका. हे वचन बायबलमध्ये नाही, मुसलमान परंपरेत जपलेलं आहे. मशिदीच्या दारावर माझ्या येशूचं नाव! मैत्रिणीनं अक्षरं जुळवत 'ईसा' शोधून काढलं आणि मला बोट दाखवलं.

बसमध्ये मी तिला माझा पहिला प्रश्न विचारला, "कुराण पुस्तकाच्या रूपात कधी एकत्र केलं गं?"

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "थांब, अब्बांना फोन करून सांगते."