गप्प कासव

नातू शिकायला बंगळूरला गेला आणि त्याचं पाण्यातलं कासव माझ्याकडे आलं. मी रोज सुकट टाकायचे... खातंय ना, मग झालं! गेल्या महिन्यात त्याचे डोळे सुजून मिटले, खाणंही थांबलं. डॉक्टर म्हणाले, 'अ' जीवनसत्त्व कमी पडलंय, ऊनही नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन कासवाला उपयोगाचं नसतं, हे मला आत्ता, सत्तरी उलटल्यावर कळलं!

आता रोज सकाळी टब गच्चीत नेते, अर्धा सावलीत ठेवते, डोळ्यांत औषध घालते. ३६ वर्षं शिकवलं. मागच्या बाकावरच्या गप्प मुलांचंही 'काही त्रास नाही' असंच धरून चालले होते.

काल एक डोळा किंचित उघडला. नातवाला अजून काही कळवलेलं नाही. आज सांगणार आहे.